शेवंतीला धरायचं कुणी?

रामनगरच्या आमच्या हायस्कुलात रक्तवाढीच्या गोळ्या वाटायला एक नर्स यायची. आम्ही तिला अक्का म्हणायचो. गंमत सांगायच्या आधी तीच हसायची आणि हसली की तिला उचकी लागायची. "गोळी कडू, पण पोरगी गोड. व्हय का न्हाई?" असं विचारून "व्हय!" हे उत्तरही तीच देऊन टाकायची.

एकदा ती आमची कबड्डी बघत उभी राहिली. शेवंती चढाईला आली की आम्ही सातही जणी किंचाळत रेषेबाहेर पळायचो. एकटी शेवंती वर्षभर जिंकत होती.

"हिला धरत का न्हाई गं?" अक्कानं मला विचारलं.

मी तिच्या कानात सांगितलं, "तिच्या बाबाला एचआयव्ही हाय म्हणत्यात. तिचा घाम लागला तर आमाला बी हुईल."

अक्काला हसू आवरेना. "घामानं, शिवल्यानं एचआयव्ही हुतोय? व्हय का न्हाई?" तिनं विचारलं आणि उचक्या देत पहिल्यांदाच ओरडली, "न्हाई!"

मग पदर खोचून, चपला भिरकावून ती मैदानात घुसली. शेवंती आली तशी अक्कानं तिच्या कमरेला मिठी घातली आणि दोघी तांबड्या धुळीत आडव्या झाल्या. ते बघून आम्ही सातही जणी वर पडलो.

शेवंती बाद झाली होती. तरी सगळ्यांच्या खालून हसत ओरडत होती, "सोडू नका गं! एवढ्यात सोडू नका!"