अमावस्येला उभी गाडी

दाजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नगरच्या मार्केटयार्डाबाहेर एका जुन्या टायरवाल्याशी भाव करत उभा होतो. शेजारच्या ताडपत्रीच्या दुकानात फोन आहे. तिथला माणूस धावत आला आणि म्हणाला, "शेठ, शिंगणापूरहून फोन होता. तुमचे दाजी सकाळी गेले. शेतात छातीत कळ आली म्हणे." मी ऐकलं, मान हलवली आणि टायरवाल्याला म्हणालो, "दोन्ही मिळून शेवटचं सांग." त्यानं सांगितलं, मी टायर घेतले आणि मगच निघालो. ही गोष्ट नंतर नात्यागोत्यात सगळीकडे झाली. मेहुणा गेला तरी याचं भाव करणं सुटलं नाही, असं लोक म्हणाले. म्हणोत. दोन वर्षं ज्या माणसाशी मी धड बोललो नव्हतो, त्याच्या जाण्याची बातमी ऐकून कुठला चेहरा करायचा हे मला कळलं नाही. भाव करताना कुठला चेहरा करायचा ते मला ठाऊक असतं, म्हणून मी तोच ठेवला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. सखाराम त्यांचं नाव, पण मला ते कायम दाजीच. दहाव्याला बोलायला उभा राहिलेला प्रत्येक जण म्हणाला की सखारामभाऊंचं कुणाशी वैर नव्हतं. मी पुढच्याच रांगेत बसलो होतो. माझ्याशी होतं. निदान माझं त्यांच्याशी होतं, आणि ते का होतं हे सांगितल्याशिवाय मला त्यांच्याबद्दल चांगलं लिहिता येणार नाही.

दाजी लष्करात गाड्यांवर होते. पेन्शन घेऊन शिंगणापूरला परतले आणि चार एकरांत ज्वारी करू लागले. मी तेव्हा मार्केटयार्डात कांद्याच्या गोण्या वाहत होतो. हमालीतून हातगाडी, हातगाडीतून बैलगाडी असं करत एका लिलावापर्यंत पोचलो. नगरला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होई. तिथं एक ट्रक उभा होता. रंग उडालेला, एक दिवा फुटलेला, हौद्याच्या फळ्या कुजलेल्या. बाकीचे लोक बॉनेट उघडून बघत होते. दाजी अंगातला सदरा काढून सरळ खाली शिरले. बऱ्याच वेळानं बाहेर आले, कोपराची माती झटकली आणि माझ्या कानाशी म्हणाले, "वरून भिकारी हाय, पन खालून लई घरंदाज. चासी येका रेषेत हाय. घे." मी घेतला. घेताना गाडीत काही राम नाही असं तोंड केलं होतं, ते वेगळं. आमची जोडी अशी होती. ते गाडीच्या पोटाकडे बघत आणि मी विकणाऱ्याच्या तोंडाकडे. त्या काळात आम्हाला कुणी फसवल्याचं मला आठवत नाही.

नगरला मी भाड्याच्या एका खोलीत राही, ट्रक उभा करायला जागा नव्हती. दर अमावस्येला मी तो शिंगणापूरला नेई. अमावस्येला आपल्याकडे गाडी भाड्याला काढत नाहीत. मला हा दिवस फुकट गेल्यासारखा वाटे. त्यातून शनिदेवाच्या गावाला अमावस्येला लोकांची रीघ, भाडं नुसतं चालून येई. पण दाजींनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, "म्हैन्याला येक दिस तिचा." तिचा म्हणजे गाडीचा. त्यांच्या घरामागून पाटाची कोरडी चारी जायची. ट्रकची दोन्हीकडची चाकं चारीच्या दोन काठांवर घ्यायची, की खाली माणूस बसेल एवढी जागा होई. तोच आमचा कारखाना. चाकांपुढे दगड लावायचे, गोणपाट अंथरायचं, रॉकेलची वाटी, जुन्या धोतराच्या चिंध्या आणि लष्करातून आणलेली ती जाडजूड ग्रीसगन घेऊन दाजी चारीत उतरायचे.

ज्यांनी हे काम बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या खालच्या अंगाला, जिथं जिथं लोखंडावर लोखंड फिरतं तिथं तिथं, हरभऱ्याएवढी छोटी निपलं बसवलेली असतात. प्रत्येकाच्या तोंडात एक बारीक गोळी असते. ग्रीसगन दाबली की गोळी मागे सरते आणि ग्रीस आत जातं. एवढंच काम. पण दाजी ते जेवण वाढल्यासारखं करत. आधी चिंधीनं निपल पुसायचं, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. मग दाबत राहायचं, आतलं जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर येईपर्यंत, आणि काळ्यामागून नवं पिवळं दिसेपर्यंत. "काळं आलं म्हंजी भागत न्हाई," ते म्हणायचे, "पिवळं दिसाय पायजे." मला घाई असायची. मी म्हणायचो, "दाजी, गाडी हाय, नवरी न्हाई. हळद लावल्यागत काय करताय?" ते खालूनच म्हणायचे, "नवरीला येकदाच लावत्यात, किसन. हिला दर म्हैन्याला." आणि आक्का मागच्या ओट्यावरून ओरडायची, "ती कापडं घरात आनू नका! मागल्या खेपंला गोधडीला डाग पडलेत!"

बहात्तरच्या दुष्काळात मी एक शहाणपणा केला. दसऱ्याला गाडीला रंग द्यायचा होता. रंगाऱ्याशी घासाघीस केली आणि शेवटी त्याच्याकडून कबूल करून घेतलं की वरच्या रंगाच्या दामातच तो खालूनही रंगवेल. मला फार आनंद झाला. दाजी तेव्हा डोंगरपट्ट्यातल्या अकोल्याला लेकीच्या घरी भाताच्या कापणीला गेले होते. ते दोन महिने तिकडेच राहिले. रंगाऱ्यानं काम नेकीनं केलं. चासीचा सांगाडा, स्प्रिंगांचे पाटे, दांडे, सगळं लाल करून टाकलं... आणि निपलंही. रंग त्यांच्या तोंडात जाऊन वाळला आणि गोळ्या चिकटून बसल्या. दिवाळीच्या अमावस्येला आणि त्याच्या पुढच्या अमावस्येला मी स्वतः चारीत उतरून ग्रीस मारलं. ग्रीस आत जात नव्हतं, गनच्या तोंडाशी बाहेर पसरत होतं. मला पिवळं दिसलं. मी म्हटलं, झालं.

त्याच सुमारास मला चारा छावणीचं काम मिळालं. राहुरीकडच्या उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, पाथर्डीच्या छावणीवर पोचवायचे. हे काम मी कसं मिळवलं ते मलाच माहीत. तीन ट्रकवाले टपलेले होते. पहिली खेप दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची होती. आदल्या दुपारी दाजी अकोल्याहून आले. मी गाडी चारीवर लावून शिंगणापूरलाच होतो. स्टेअरिंग जरा जड झालंय म्हणालो. ते पायातल्या वहाणा काढून चारीत उतरले. बाहेर आले ते हातात नखानं खरवडलेला लाल रंग घेऊन.

"खालून रंगीवली?"

"फुकटात," मी म्हणालो.

"सगळ्यांची तोंडं बुजली. पुढच्या किंगपिना कोरड्या हैत. गाडी हालायची न्हाई."

ज्या जाड खिळीवर पुढचं चाक वळतं ती किंगपिन. ती अडकली तर चाक वळत नाही. भरल्या गाडीनं करंजीचा घाट उतरायचा होता, हे मलाही कळत होतं. पण मला हेही कळत होतं की सकाळी छावणीवर जनावरं चाऱ्याची वाट बघत असतील आणि माझ्या नावाच्या जागी दुसऱ्याचं नाव लिहायला माणसं टपून बसली असतील. मी म्हणालो, एक खेप करून येतो, मग काय करायचं ते करा. ते नाही म्हणाले. मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की उतरवणं माझ्या हातात राहत नाही. मी म्हणालो, "तुमचं काय जातंय? तुमाला घरबसल्या पेन्शन हाय. माझी भाकरी तुमच्या डोळ्यांत खुपतीय." हे बोलायला नको होतं. पण बोललो.

दाजी पाना घेऊन पुन्हा खाली गेले. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब शाफ्ट त्यांनी खोलला, खांद्यावर घेतला आणि घरात नेऊन आक्काच्या बाजेखाली ठेवला. शिंगणापूरच्या घरांना दारं नसतात, हे सगळ्यांना माहीत आहे. कडी नाही, कुलूप नाही. मी मागोमाग आत गेलो. ते म्हणाले, "नेतो तर ने. दार कुठं हाय आमच्या घराला?" मी वाकलो, तर आक्का पुढं होऊन बाजेवर बसली. पदर खोचून, पाय खाली सोडून. "आधी मला उचल किसना," म्हणाली, "मंग ते उचल."

मी गाडी तिथंच टाकून पायी निघालो, ते थेट घोडेगावच्या फाट्यापर्यंत. सकाळी छावणीचं काम दुसऱ्याला गेलं. त्या माणसानं दुष्काळभर ते केलं आणि त्याच्या दारात आज तीन ट्रक उभे आहेत. माझ्याकडे एकच आहे. ही माझी तक्रार, आणि ती खोटी नाही.

आठवड्यानं मी गेनू नावाचा ड्रायव्हर ठेवला आणि त्याला गाडी आणायला पाठवलं. स्वतः गेलो नाही. पुढं दोन वर्षं गेलो नाही. गेनू घोडेगावचा. अमावस्येला गाडी घरी नेतो, ग्रीस घरीच मारतो, म्हणाला. मी हो म्हटलं. गाडी अशी चालली की विचारू नका. यार्डातले लोक गाड्या घेऊन गॅरेजला खेटे घालत होते आणि माझी एका बोटानं वळत होती. मी सगळ्यांना सांगायचो, माणूस पारखून ठेवावा लागतो. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात दाजी माझ्यासमोरच्या पंगतीत बसले होते. त्यांनीच विचारलं, "गाडी कशी हाय?" मी पत्रावळीवरून वर न बघता म्हणालो, "तुमच्यावाचून झकास चाललीय." ते हसले. "बरं हाय," म्हणाले आणि वाढप्याला हाक मारून भात मागितला... आमचं शेवटचं बोलणं ते.

दहावा झाला. माणसं पांगली. मी गाडीशी उभा होतो. गेनू आला, टोपी हातात घेऊन घुटमळला आणि म्हणाला, "मालक, येक इचारायचं हुतं. आता अमावस्येला गाडी कुठं न्यायची?"

मी म्हणालो, "कुठं म्हंजे? तुझ्या घरी."

तो खाली बघू लागला. मग सगळं बाहेर आलं. दोन वर्षं दर अमावस्येला तो गाडी इथं आणत होता, याच चारीवर. पहिल्याच दिवशी, तो गाडी न्यायला आला तेव्हा, दाजींनी त्याला बदलून काढलेली जुनी किंगपिन दाखवली होती. चरे पडलेली, तापून निळी झालेली. "मी म्हनलं मालकास्नी दावतो," गेनू म्हणाला, "तर दाजी म्हनले, नको, चिडंल. तू फकस्त अमावस्येला गाडी आन." जेवायला आक्का वाढायची. तिलाही सगळं माहीत होतं. लिलावात, बाजारात, यार्डात ज्याला कुणी गंडवलं नाही त्या मला या तिघांनी दोन वर्षं व्यवस्थित गंडवलं. मला आधी राग आला. रागच आला, खोटं कशाला लिहू. गेनूला मी तिथंच चार शब्द ऐकवले. तो म्हणाला, "मला काढा मालक, पन मी खोटं बोल्लो न्हाई. घरी मारतो म्हनलं हुतं. कुनाच्या, ते तुमी इचारलंच न्हाई."

परवाच्या अमावस्येला मी गाडी स्वतः शिंगणापूरला नेली. आक्का ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. तिनं ये म्हटलं नाही. चारीवर चाकं घेतली, दगड लावले आणि उतरलो. एकेक निपल पुसलं, दाबलं, पिवळं दिसेपर्यंत. किंगपिनांपाशी जास्त वेळ थांबलो. खाली सगळं स्वच्छ होतं. लाल रंगाचा कुठं ठिपका नव्हता. दाजींनी तो कसा आणि किती दिवस बसून काढला असेल ते त्या लोखंडाकडे बघून कळत होतं. दोन वर्षांत मी माझ्याच गाडीखाली एकदाही वाकून बघितलं नव्हतं. बाहेर आलो, हात पुसले.

आक्का सुपातून मान वर न करता म्हणाली, "किती झाली?"

"तेवीस," मी म्हणालो. मोजत केलं होतं.

"चोवीस हैत."

"आक्के, तू कदी गाडीखाली गेलीस? तेवीस हैत. मी मोजलीत."

"ते मोठ्यानं मोजायचे. म्या हितं बसून आयकायची. चोवीस झाली की मी भाकरी टाकाया घ्यायची." मग म्हणाली, "आज अजून घेतली न्हाई."

मी तावातावानं आणखी बोललो. पुढची इतकी, मागची इतकी, मधल्या दांड्याची इतकी, बोटांवर मोजून दाखवली. ती ज्वारी निवडत राहिली. आयुष्यात मी एकदा सांगितलेल्या आकड्यावरून हललेलो नाही. समोरचा उठून गेला तरी हललेलो नाही. छावणीचं काम गेलं त्याचं दुःख मला आजही आहे, आणि दाजींनी मला नीट बसवून समजावलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटतं. पण त्यांनी समजावलं असतं तर मी ऐकलं नसतं. खांद्यावर शाफ्ट घेऊन ते घरात गेले, कारण ते मला ओळखत होते.

मी गोणपाट उचललं आणि पुन्हा चारीत उतरलो. डोळ्यांना काही दिसेना, म्हणून हातानं चाचपत गेलो. क्लचच्या पेडलच्या मागं, आडव्या पट्टीच्या वरच्या अंगाला, जिथं नजर पोचत नाही आणि मनगट वाकडं करून हात घालावा लागतो, तिथं बोटाला काहीतरी लागलं. छोटं, गोल. चिंधीनं पुसलं, ग्रीसगन वाकडी धरून दाबली. बऱ्याच वेळानं बोटावर ग्रीस आलं. ते उजेडात धरून बघितलं. काळं होतं. आणखी दाबलं.

"चोवीस," मी खालून मोठ्यानं म्हणालो.

वर सूप बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा.