लेकीच्या बंगल्याची पंगत

तीस वर्षं मी सोनपेठ तालुक्यातल्या शाळेत भूगोल शिकवला. जगभरची बंदरं नकाशावर काठीनं दाखवली, पण समुद्र पाहिला तो फक्त कॅलेंडरात. अशा माणसाची लेक नर्स होऊन सिडनीला गेली, आणि एके सकाळी तिनं फोनवर सांगितलं, "अप्पा, मी नव्या घरात राहायला आले. काल दूध उतू घातलं." वर बंदराकाठच्या त्या वस्तीचं नावही सांगितलं.

आता आमच्याकडचा रिवाज असा, की दूध उतू घालायचं ते स्वतःच्या घरात. भाड्याच्या खोलीत माणूस गादी, बादली आणि गॅसची टाकी घेऊन शिरतो. दूध कोणत्या बाजूनं सांडतंय ते बघत बसत नाही. त्यामुळं पुढं काही विचारायची मला गरजच वाटली नाही. मोबाईलवर ती वस्ती शोधली आणि खुर्चीतून उठून उभाच राहिलो. पाण्याला लागून पांढरेशुभ्र बंगले, आणि दारात बैल बांधावा तशी बांधलेली नाव! खाली लिहिलं होतं, देशातल्या सगळ्यात महागड्या वस्त्यांपैकी एक.

चप्पल न घालताच मी शेजाऱ्याकडं गेलो. हा माझा लहानपणापासूनचा दोस्त. शेती करतो आणि कुणाचं लवकर खरं मानत नाही.

"लेकीनं बंगला घेतला," मी फोटो पुढं केला.

त्यानं मोबाईल आडवा केला, उभा केला. "गुर्जी, समुद्र उशाला असताना ह्यांनी अंगणात पोहायला हौद कशाला बांधलाय?"

"समुद्राचं पाणी खारट असतं."

"मग हे पवायलेत का प्यायलेत?"

मी मोबाईल खिशात घातला. पण फोटो त्याच्या मनात बसला असावा. त्याच्या लेकीनं नर्सिंग पुरं केलं होतं, पुण्याच्या एका दवाखान्यातून नोकरीचं पत्र आलं होतं, मंगळवारी हजर व्हायचं होतं. आणि हा "एकटी पोर परमुलखात नको" म्हणून अडून बसला होता. दुसऱ्या दिवशी ती पोरगी हसतच आमच्याकडं आली. "गुर्जी, तुमच्यामुळं बाबा हो म्हणायलेत. म्हणले, गुर्जीची पोरगी बंगल्यात राहायलीय, तूबी जा."

झालं. मला वाटलं, आपण गाव सुधारायला निघालो. बाजाराच्या दिवशी भेटेल त्याला थांबवून मी बंगला सांगितला. चौथ्या माणसापर्यंत बंगल्याला गच्ची आली होती आणि सातव्यापर्यंत नाव दोन झाल्या होत्या. मग बायकोला म्हणालो, "लेक नव्या घरात गेली, गावाला जेवण घालू." ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच ती कशालाच हो म्हणत नाही, तिथंच मला शंका यायला पाहिजे होती.

रविवारी दुपारी दारात मांडव पडला. वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी. पहिली पंगत बसली आणि मला अवदसा आठवली: मी लेकीला व्हिडिओ कॉल लावला, तोही मोबाईल मारुतीच्या देवळातून आणलेल्या स्पीकरला जोडून.

"बाई, सगळं गाव जेवायला बसलंय. दाखव तुझा बंगला!"

"कुणाचा बंगला, अप्पा?" तिचा आवाज पार वेशीवरच्या पिंपळापर्यंत गेला. "बंगला घरमालकीण म्हातारीचा हाय. मी मागं गॅरेजवरच्या खोलीत भाड्यानं राहायलेय. सांगितलं न्हाई का आईनं?"

वाढपी जिथल्या तिथं थांबले. मी स्पीकरची वायर ओढली, ती निघाली पंख्याची. आता उकाडा आणि आवाज दोन्ही चालू.

मी बायकोकडं बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक होतं. तुमी विचारलं कुठं?"

"मग जेवणाला हो कशाला म्हणालीस?"

"पोरगी स्वतःच्या पगारावर स्वतःच्या खोलीत गेली. त्याचं जेवण घालायचं न्हाई तर कशाचं घालायचं? बंगल्याचं तुमी बाजारात सांगितलं, मला काय म्हाईत."

पंगत हसायला लागली. पण माझं लक्ष शेजाऱ्याकडं होतं. तो हसत नव्हता. त्याचा घास हातात तसाच होता, आणि त्याची लेक बुंदीची परात घेऊन बापाच्या तोंडाकडं बघत उभी होती. माझ्या बंगल्यावर तिचं पुणं उभं होतं आणि बंगला तर मी भर पंगतीत पाडला होता.

तो पत्रावळीवरून उठला. उष्टा हात बाजूला धरून मोबाईलसमोर वाकला.

"बाई, खोली दाखव."

लेकीनं दाखवली. एक पलंग, एक टेबल, दोन घरांच्या फटीतून हातभर दिसणारा समुद्र. "काका, दूध उतू गेलं तशी छतावरची धुराची घंटी बोंबलायला लागली. म्हातारी काठी घेऊन पळत वर आली. मग दोघींनी उरलेल्या दुधाचा चहा केला."

"ते असू दे. दाराला आतून कडी हाय का?"

लेकीनं मोबाईल दाराकडं वळवला, कडी लावली, दार गदागदा ओढून दाखवलं. "हाय, काका. मजबूत हाय."

त्यानं तिला दार आणखी एकदा ओढायला लावलं. मग परत जागेवर येऊन बसला आणि आपल्या लेकीला म्हणाला, "उभी काय राहायलीस? वाढ की बुंदी. उद्याच्या गाडीला लवकर उठायचंय."

मी लगबगीनं पुढं झालो. "मी येतो पुण्यापर्यंत, सोडायला."

"तुमी अजिबात यायचं न्हाई, गुर्जी. गाडी पाथरीला पोचंपर्यंत तुमी माझ्या पोरीला दवाखाना बांधून देताल."

तरीही सोमवारी सकाळी मी स्टँडवर गेलोच. एसटी लागली होती. पोरगी खिडकीशी बसली होती, आणि तिचा बाप खाली उभा राहून तिच्या पिशवीत काहीतरी कोंबत होता. मी डोकावलो. नवी कोरी लोखंडी कडी, कागदात बांधलेले चार स्क्रू आणि घरचा पेचकस.