सुभाषचा दुसरा फोन

सुभाष गेल्याचं त्याच्या बायकोने फोनवर सांगितलं, त्याला आता दीड महिना होईल. ती मोडक्या मराठीत बोलत होती आणि मी नुसता हूं हूं करत होतो... बारा वर्षं मी या माणसाशी बोललो नव्हतो.

आम्ही तलवाड्याजवळच्या एका लहान गावचे, शाळेत एका बाकावरचे. तो हवामान खात्यात लागला, थेट अंदमानच्या एका बेटावर जाऊन राहिला आणि त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केलं. दुष्काळ पडला की गावाला देवाआधी सुभाष आठवायचा. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं तर आमच्या रानात चार सरी पडायच्या. तिकडे घरं उडायची आणि इकडे आम्ही पेढे वाटायचो. त्याची लाज आम्हाला कधी वाटली नाही.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, त्याने गावच्या सोसायटीत फोन केला. "कमी दाब तयार झालाय, वादळ व्हतंय. आंध्राकडं निघालंय, पानी येईल." सोसायटीने ज्वारीचं बियाणं वाटायला काढलं. पाऊस येणारच म्हणून सगळ्या गावाने कोरड्या रानात पेरलं. वादळ मात्र बेटांना झोडपून उत्तरेला वळलं. आमच्याकडे थेंब नाही. बी मुंग्यांनी नेलं, कडबाही झाला नाही, जनावरं छावणीला गेली.

उन्हाळ्यात तो गावी आला तेव्हा कुणी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मीच स्टँडवर गाठून म्हणालो, "आमाला काहून फसवलं रं?"

"वादळ वळल्यावर दुसरा फोन केल्ता मी. पेरू नका म्हनलं."

सोसायटीचे सेक्रेटरी शेजारीच उभे होते. "न्हाई आला," ते म्हणाले. मी त्यांचं खरं धरलं. सुभाष पुढच्या बसने परत गेला तो कायमचा.

त्याच्या बायकोने तो गेल्याचं सांगितलं, तेव्हाच बाकीचंही सगळं सांगितलं. वादळात त्यांच्या घराचे पत्रे गेले, नारळाची बाग आडवी झाली, कोळ्यांच्या होड्या धक्क्यासकट वाहून गेल्या. अख्ख्या बेटावर एकच फोन चालू होता. रांग लावून माणशी एकच फोन करता येत होता. तिचे आईवडील शेजारच्या बेटावर होते, जिवंत आहेत की नाही तेही ठाऊक नव्हतं. सुभाषने आमच्या सोसायटीचा नंबर फिरवला.

मी सोसायटीत गेलो. सेक्रेटरी आता थकलेत. विचारलं तर सरळ म्हणाले, "आल्ता फोन. पन बियान्याची पोती फोडली हुती, माघारी कोन घेनार? लोकं दारात हुते. बोल त्याच्यावर गेला तरी त्याला कुठं गावात ऱ्हायाचंय, म्हनलं."

सेक्रेटरींनी गावाला फसवलं, याचा संताप आहेच. पण स्टँडवर ते खोटं बोलले तेव्हा सुभाषने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता... मी काय म्हणतो, याची वाट बघत.