आईनं ओवाळलं कोणाला?

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी 'काय फेकतात राव!' म्हणून हसलोय. वेल्डर माणूस मी, ठिणगी उडाली म्हणजे मागे करंट असणार, एवढंच कळतं. पण आई गेल्यापासून हे पोटात राहत नाही, म्हणून लिहितो.

आमचं घर भिलाईला, सेक्टर सहामध्ये, बाबांना मिळालेलं स्टील प्लांटचं क्वार्टर. नव्वद साली इराकनं कुवेतवर हल्ला केला तेव्हा मी कुवेतमध्येच नोकरीला होतो. दोन महिने घरी पत्र नाही, फोन नाही. शेवटी विमानानं मुंबईला पोचलो, घरी तार केली आणि गाडी धरली. दुर्गला उतरून ऑटोनं घरी आलो तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. बाबा फर्स्ट शिफ्टला होते, घरी आई एकटीच.

दार वाजवलं. आईनं उघडलं... आणि बघतच राहिली.

"कावून रे? तू त आंघोळ करून राहिला ना? बाहेर कधी गेला?"

मी हसलो. "आई, आत्ता त येऊन राहिलो मी! आधी ओवाळ तं मले."

"ओवाळलं ना तुले! आत्ताच त घरात घेतलं."

दाराशी कुंकवाचं ताट होतं. पायांवर घातलेलं पाणी पायरीवर अजून वाळलं नव्हतं. ओवाळून टाकलेला भाकरीचा तुकडा रस्त्यावर पडला होता. आणि मागच्या अंगणातल्या बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता...

मला वाटलं, चोर. धावत जाऊन दार ठोकलं. आतून कडी. पाणी थांबलं. आईनं माझा हात धरला आणि हाक मारली, "कोन हाय आत?"

"आलो, आई..."

माझा आवाज! देवाशप्पथ, माझाच! आणि मी तर तोंड मिटून बाहेर उभा. आईनं माझा हात सोडला आणि दोन पावलं मागे सरकली — माझ्यापासून.

बाबा येईपर्यंत आम्ही अंगणातच, नजर त्या दारावर. बाबांनी लाथेनं कडी तोडली. आत कोणीच नाही. झरोका जेमतेम वीतभर. खुंटीवर ओला टॉवेल, आणि त्याला कुंकू लागलेलं.

त्यानंतर आईनं मला कधीच ओवाळलं नाही. वाढदिवसाला नाही, दिवाळीलाही नाही. माया करायची, आवडीचं करून वाढायची, पण मी जेवताना मध्येच टक लावून बघत बसायची. मला फार लागायचं ते. वाटायचं, तिचा जीव त्या पहिल्यातच अडकलाय, इतक्या काळजीनंतर जो आधी दारात दिसला त्याच्यात.

शेवटच्या आजारपणात तिनं माझा हात धरला.

"खरं सांगजो बाबू... तू पहिला, का दुसरा?"

तिच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोललो. म्हटलं, "पहिला, आई. तू ओवाळलं होतं ना, तोच."

तिनं झटकन हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. किती हाका मारल्या, वळली नाही. सकाळी गेली.

त्या दिवशी आत कोण होतं, मला आजही माहीत नाही. बाथरूममध्ये पाणी वाजलं की अजून मी आधी घरातली माणसं मोजतो. पण मी दुसरा आहे हो... दुसराच. तिला तेवढंच ऐकायचं होतं.