डाव्या बाजूची खोट

उमरग्यात रेडिओ, टेप किंवा तबकड्यांचा प्लेअर बिघडला की लोक अण्णारावांचं नाव घेत, आणि अण्णारावांना ते घेतलेलं फार आवडे. आता असली यंत्रं उरलीत किती? पण जी उरली ती जपणारी माणसं हौशी, आणि हौशी माणसाचं नुसत्या दुरुस्तीनं भागत नाही, त्याला निवाडा लागतो. अण्णाराव निवाडा देत. डोक्यावर जुना हेडफोन चढवायचा, डोळे मिटून थोडा वेळ ऐकायचं, मग बोलायचं. त्यावर पुढं कुणी बोलायचं नाही, मीटरनंसुद्धा नाही, असा त्यांचा खाक्या.

हमरस्त्यावरच्या लॉजचे मालक मल्लिकार्जुनअप्पा. त्यांच्या वडिलांनी हैदराबादहून आणलेला स्टिरिओ घरात होता: ॲम्प्लिफायर, प्लेअर आणि लाकडी पेटीतले दोन दांडगे स्पीकर. आवाज वाढवायचं बटण फिरवलं की तो खरखरायला लागला, म्हणून अप्पांनी सिदूला बोलावलं. सिदू हा अण्णारावांच्याच हाताखाली तयार झालेला. आता बसस्थानकाजवळ त्याचं स्वतःचं दुकान होतं आणि लग्नाकार्यात तो साउंडही लावायचा. त्यानं बटण खोलून साफ केलं, झिजलेल्या दोन वायरी बदलल्या, खरखर गेली. अप्पा खूश झाले. लेकीच्या, समृद्धीच्या लग्नात साउंडचं काम सिदूलाच, असं त्यांनी बोलूनही टाकलं. तरी एकदा अण्णारावांना ऐकवल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडेना.

अण्णाराव आले, हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"डावी बाजू मेलीय," ते म्हणाले.

"पण अण्णा, दोन्ही पेट्या वाजायल्यात की," अप्पा म्हणाले.

"ते उजवीचंच पसरून यायलंय तुमाला. आतनं डावी बंद हाय. सिदूनं हात घातला न्हवं? उडवली त्यानं."

गंमत बघा, एवढं ऐकल्यावर अप्पांच्या बायकोलाही डावी पेटी बारीक वाटायला लागली. मग अप्पांनाही वाटली. अण्णाराव सांगतात म्हणजे खरंच असणार, एवढा त्यांच्या शब्दाला मान.

इथंच थांबले असते तरी निभावलं असतं. पण आपण शिकवलेल्या माणसाची चूक सापडली की जीभ जरा जास्तच सैल सुटते. त्याच संध्याकाळी हमरस्त्याच्या भरल्या हॉटेलात अण्णाराव म्हणाले, "सिदूचा हात लग्नातल्या दणदणाटाला ठीक हाय. नाजूक कामाला न्हाय." सगळे हसले. सिदू तिथंच बसला होता. त्यानं बशीतला चहा संपवला, कप नीट बाजूला सारला आणि काही न बोलता निघून गेला. समृद्धीच्या लग्नाचं काम सोलापूरच्या माणसाला मिळालं.

सेट दुरुस्तीला अण्णारावांच्या घरी आला. मीटर लावला तर दोन्ही बाजू सारख्याच दाखवायला लागला. अण्णारावांनी मीटरचा उद्धार केला, त्याचा सेल बदलला. तरी सारख्याच. मग त्यांनी डाव्या बाजूचे चांगलेभले पार्ट काढून नवे घातले. हेडफोनमध्ये डावी गप्प ती गप्पच. शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, आणि मला काय गरज म्हणून केलं नव्हतं, ते त्यांनी केलं. अदलाबदल. हेडफोनच उलटा चढवला.

मेली म्हणून गावभर सांगितलेली बाजू आता उजव्या कानावर खणखणीत वाजत होती. आणि इतके दिवस वाजणारी, ती डाव्या कानाशी येऊन मुकी झाली होती. अण्णारावांनी हेडफोन सुलटा केला, पुन्हा उलटा केला, मग काढून मांडीवर ठेवला. डाव्या कानापाशी चुटकी वाजवली. बोटावर बोट घासलेलं कळलं, बाकी काही नाही.

कान गेला याची लाज वाटावी असं काही नव्हतं. वयानं गुडघे जातात, दात जातात. पण सिदू चहा पिताना कसा बसला होता ते त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. आपण त्या पोराचं नाव भर हॉटेलात मातीत घातलं, आणि लोक हसले तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं. हे आठवून अण्णारावांचं तोंड एकट्यानं बसल्या जागी गरम झालं.

ते तसेच सिदूच्या दुकानात गेले. सिदू उठला, गल्ल्यामागून वळसा घालून त्यांच्या उजव्या अंगाला येऊन उभा राहिला.

"सेट चांगलाय सिदू. माझा डावा कान गेलाय."

"व्हय," सिदू म्हणाला.

अण्णाराव बघतच राहिले. "तुला ठावं हुतं?"

"लई दिस झालं. डावीकडनं हाक मारली की तुमी वळतच न्हाय. म्हणून म्या हिकडनं बोलतो."

"मग त्या दिशी हॉटेलात तोंड का उघडलं न्हाईस?"

"चारचौघांत कसं सांगावं, अण्णा? मग तुमच्याकडं सेट कुणी आणला असता?"

त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे सोसवेना. अण्णाराव खुर्चीवर न बसताच निघाले आणि थेट हमरस्त्याचं हॉटेल गाठलं. मल्लिकार्जुनअप्पा होते, नेहमीची मंडळीही होती.

"जरा ऐका," अण्णाराव उभ्यानंच म्हणाले. "सिदूचं काम चोख हुतं. सेटात कायबी खोट न्हाय. माझाच कान गेलाय, आन म्या त्याच्यावर ढकललं."

मग अप्पा उठले आणि त्यांनी अण्णारावांच्या पाठीवर हात ठेवला.

"माया असावी तर अशी," ते सगळ्यांना म्हणाले. "पोराची चूक पांघरायला अण्णा सोताच्या अंगावर घ्यायलेत."

माना हलल्या. कुणीतरी बसायला जागा करून दिली. कुणीतरी अण्णांसाठी चहा सांगितला. एकाचाही विश्वास बसला नव्हता. सिदूचं नाव मातीत होतं तिथंच राहिलं होतं, आणि अण्णाराव आले होते त्याहून मोठे होऊन परत जाणार होते.

खरं सांगायचं तर एकदा त्यांच्या मनात आलंही: आपण सांगितलं, लोकांना पटलं नाही, त्याला आपण काय करणार? चहा समोर येत होता. पण असा विचार आपल्याला सुचू शकतो हे कळलं आणि त्यांना कप हातात घेववेना.

"अप्पा, हिकडं या," ते म्हणाले. "माझ्या डाव्या कानाला तोंड लावून काय वाट्टंल ते बोला. म्या तुमाला तेच बोलून दावायला बघतो. जमलं तर म्या खोटा."

त्यांनी उजव्या कानात बोट घट्ट खुपसलं आणि भिंतीकडं तोंड केलं. अप्पा हसत हसत जवळ आले, वाकले.

अण्णाराव थांबले. भिंतीचा रंग उडाला होता, तिकडं बघत राहिले. आणखी थोडं थांबले.

"बोला की अप्पा," ते म्हणाले. "लाजायलाव कशाला?"

काहीच येईना म्हणून ते वळले. अप्पा केव्हाच बोलून मागं सरकले होते, आणि हॉटेलात एकही माणूस त्यांच्याकडं बघत नव्हता.