कागदावरची भाडेकरीण

आक्कांची बोटं मे महिन्यात पांढरी व्हायची ती जूनअखेरपर्यंत तशीच राहायची. रोह्याला त्यांच्या आठ भाड्याच्या खोल्या होत्या, आणि दर वर्षी आठही खोल्यांना त्या स्वतः चुना लावत. मजूर लावत नसत. चुन्याने कातडी सोलवटलेली असे, नखांच्या कडा फाटलेल्या असत. अशा हातांनी त्या एसटीने पेणला यायच्या, रामवाडीच्या स्टँडवर उतरून चालत आमच्या ऑफिसात पोचायच्या आणि प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर उपडी करायच्या. चुना, खिळे, कौलं, नळाची तोटी, सगळ्याची बिलं.

मी तेव्हा पेणच्या एका कर सल्लागाराकडे टायपिस्ट होते. नव्वद सालानंतरची ती सहा-सात वर्षं. वडील गेले आणि महिन्याभरात मी त्या खुर्चीत बसले. समोर येईल ते टाइप करायचं, पाचला मशीनवर कव्हर घालायचं. बरं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. घरी आई बोलत असायची, मी मान हलवत असायचे.

साहेबांनी आक्कांना पहिल्याच वर्षी समजावलं होतं की ही बिलं उपयोगाची नाहीत. दुरुस्तीपोटी कायदा भाड्याचा पाचवा हिस्सा सरसकट वजा करून देतो, खर्च कमी होवो की जास्त. नगरपालिकेची घरपट्टी, विम्याचा हप्ता, खोल्या बांधायला काढलेल्या कर्जाचं व्याज, एवढ्यांचे कागद आणा. बाकी काही नको.

आक्का विचारात पडल्या. म्हणाल्या, "म्हंजे मी चुना लावला काय नि नाय लावला काय, सरकारला सारखंच?"

"सारखंच."

"मंग कुणी कुणाला चुना लावला म्हणायचा ह्यो?"

साहेब खूप हसले. मी हसले नाही हे आक्कांच्या लक्षात आलं. जाताना माझ्याजवळ थांबून त्या एवढंच म्हणाल्या, "जेवतेस ना गो येळच्या येळी?" पुढच्या वर्षी त्या परत सगळी बिलं घेऊन आल्या. खर्च केलाय तर कुणीतरी बघायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग मी एकेक बिल बघायचे आणि परत पिशवीत टाकायचे.

नवरा गेल्यावर त्याच्या फंडाच्या पैशात आणि बँकेच्या कर्जात त्यांनी या खोल्या बांधल्या होत्या. मुलगा दिगंबर पनवेलला नोकरीला होता. भाडेकरू बहुतेक कंपनीत शिफ्टला जाणारे. पाच नंबरच्या खोलीतला असाच एकजण कावीळ होऊन पंधरा दिवसांत गेला. मागे बायको सुमन आणि दोन लहान मुली. भाडं थांबलं.

त्या जूनमध्ये आक्का हिशेब द्यायला आल्या तेव्हा साहेब म्हणाले, "न मिळालेलं भाडंही वजा मिळतं, आक्का. फक्त भाडेकरू खोली सोडून गेलेला पाहिजे, नाहीतर त्याला काढायची नोटीस तरी दिलेली पाहिजे. नोटीस देऊन टाका. हिला सांगतो, टाइप करील."

मी मशीनमध्ये कागद चढवलाही.

"काढ त्यो कागद," आक्का मला म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "तिचा भाडा आला असाच धरा."

"अहो, न आलेल्या पैशावर कर भराल?"

"भरीन. बाकीच्या सात खोल्यांचा येतोय ना!"

जास्त कर भरणाऱ्याला कोण अडवणार? पुढची चार वर्षं पाच नंबरचं पूर्ण भाडं मिळालं असंच मी टाइप करत गेले. हा वेडेपणा आहे असं मला एकदा वाटलं. त्यापलीकडे काही नाही.

पाचव्या वर्षी मे महिन्यात आक्का गेल्या. स्टुलावरून उतरताना चक्कर आली, एवढंच कळलं. जूनमध्ये त्यांच्या जागी दिगंबर आला. त्याने आईच्या हिशेबाच्या वह्या पाहिल्या होत्या. पाच नंबरकडून चार वर्षं पैसा आलेला नव्हता. खोली मोकळी करून हवी होती. साहेबांनी मजकूर सांगितला आणि मी थकलेल्या भाड्याची नोटीस टाइप केली, कार्बन घालून तीन प्रती. हात थांबला नाही. सुमनला रजिस्टर पोस्टाने पाठवली.

आठवड्याने सुमन ऑफिसात आली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा तिने टेबलावर ठेवला. आत पावत्या होत्या, दर महिन्याची एक. खाली आक्कांची वाकडी सही.

"पैसं मी दिलेलं नाय," ती आधीच म्हणाली. "खोटा कशाला बोलू? पावती आक्काच आनून द्यायची. मी म्हनलं, न देता पावती कशी घेऊ? तर म्हनली, माझ्या कागदावर तू भाडा भरनारी हायस. तशीच ऱ्हा. मान खाली घालून फिरू नको."

दिगंबर समोरच बसला होता. साहेबांनी पावत्या चाळल्या, मग मला फायली काढायला सांगितल्या. विवरणपत्रात भाडं मिळालेलं, पावतीवर मिळालेलं. "आता मिळालं नाही असं कोर्टात कसं म्हणणार?" ते दिगंबरला म्हणाले. "तुमच्या आईच्या सह्या आहेत."

दिगंबर उठला. "आमच्यासाठी एवढा जीव टाकला असता तर!" म्हणाला आणि बाहेर गेला. त्याचंही खोटं नसावं.

सुमन अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली होती. जुलैपासून तिने दिगंबरला मनीऑर्डरने भाडं पाठवायला सुरुवात केली. दोन महिने पावती आली नाही. तेव्हा ती पुन्हा पेणला आली, पदर नीट करून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाई, त्यांना एक पत्र लिवा. भाडा पोचला असेल तर पावती धाडा म्हनावं."

मशीनवरचं कव्हर मी काढलं नाही. ड्रॉवरमधून कोरा कागद घेतला, तिला चहा सांगितला आणि पत्र हाताने लिहायला घेतलं. दुसऱ्या ओळीवर अक्षर पुसट दिसायला लागलं. सुमनने तिचा चहा माझ्यापुढे सरकवला. ती थांबली.