वजा मॅडम

फळ्यावर आडवी रेघ ओढून तिच्या एका टोकाला बाण काढल्याशिवाय वजा मॅडम कोणाला सूत्र लिहू देत नसत. "आधी दिशा ठरवा. कुठून मोजायचं ते ठरवा. मग आकडे." अकरावीला आम्हाला फिजिक्स शिकवायला त्या होत्या. आकडा बरोबर आणि चिन्ह चुकलेलं असलं, की "वजा कुठे गेला?" म्हणून विचारत आणि त्या मुलाला उठवून बाकांमधून चालायला लावत. "दारापासून खिडकीपर्यंत गेलास, परत दारात आलास. चाललास किती ते नको, सरकलास किती ते सांग." पोरगं ओशाळून म्हणे, "शून्य." "मग दमलास कशाला?" वर्ग हसे. मॅडम हसत नसत. उत्तर येईपर्यंत त्यांना खरंच उत्सुकता असे.

मी दिंडोरीच्या पुढच्या एका गावातून एसटीने नाशिकला यायचे. दहावी सूत्रं घोकूनच पार पाडलेली. जाताना ताशी तीस, येताना ताशी साठ, तर सरासरी स्पीड किती, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी हात वर करून पंचेचाळीस सांगितलं. त्या माझ्या बाकाशी आल्या.

"सकाळी तुझी बस द्राक्षांच्या ट्रॅक्टरमागे रखडते. संध्याकाळी रस्ता मोकळा. बसमध्ये जास्त वेळ कधी बसतेस?"

"सकाळी."

"मग सरासरी सकाळकडे झुकायला नको? वेळ धरून कर."

केलं. चाळीस आलं. जन्मात पहिल्यांदा मला एखादं उत्तर माझं स्वतःचं वाटलं.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे घेतलेल्या तासाचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनला नव्याने नेमणूक. आम्हाला तेव्हा यातलं फारसं कळत नव्हतं. स्टाफरूममध्ये त्यांची अशी खुर्ची नव्हती, एवढं मात्र दिसायचं. कायम नोकरीतले कोणी सर आले की त्या हातातल्या वह्यांसकट उठत.

दिवाळीनंतर कॉलेजने एका क्लासशी संधान बांधलं. हजेरी कॉलेजात, शिकणं क्लासात. वर्ग ओस पडू लागला. एकदा क्लासची काही मुलं प्रॅक्टिकलसाठी आली होती. त्यांतला एक म्हणाला, "मॅडम, ते सरासरीचं दोन सेकंदांत होतं. गुणाकाराची दुप्पट भागिले बेरीज."

"होतं. आणि जायचं-यायचं अंतर सारखं नसलं तर?"

"तसं परीक्षेत येत नाही."

मॅडमनी डस्टर घेतलं आणि फळा पुसला. पुसायला फळ्यावर काहीच नव्हतं.

बारावीलाही आम्हाला मॅडमच होत्या. त्या वर्षी फिजिक्सची कायम जागा निघाली. इतकी वर्षं ज्या जागेची वाट बघितली ती मॅडमनाच मिळणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. मिळाली ती संस्थेच्या अध्यक्षांच्या सुनेला. वर मॅडमना सांगण्यात आलं, "नव्या मॅडमना जरा तयार करा." त्या बाई मागच्या बाकावर बसून आमचे तास ऐकायच्या आणि मॅडम त्यांच्यासाठीही तितक्याच मन लावून रेघ ओढायच्या. याचा मला तेव्हा राग आला होता. आजही येतो.

जूनमध्ये त्यांना बोलावणं आलं नाही. निरोप समारंभ कायम नोकरीतल्यांचा असतो. त्यांचा झाला नाही. आम्ही तिघी सिडकोत त्यांच्या घरी गेलो. मी म्हणाले, "मॅडम, तुम्ही भांडायला हवं होतं."

"भांडले ना! मला म्हणाले, तुमचं वय निघून गेलं. ते वय तुमच्याच वर्गात गेलं, म्हटलं, तर त्यांनी चहा मागवला." त्या थांबल्या. "प्यायलेही मी तो. तेच जास्त लागलं."

त्यानंतर त्या भेटल्या या वर्षी. आईच्या गुडघ्यासाठी आम्ही नाशिकच्या एका दवाखान्यात गेलो होतो. काउंटरमागे निळा कोट घालून मॅडम नंबर वाटत होत्या. केस पार पांढरे. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"या कोण गं?" आईने विचारलं.

"माझ्या मॅडम. अकरावीच्या."

"म्हंजे ह्याच का त्या!" आईने हात जोडले. "लय नाव काढती तुमचं." मॅडमनी मान खाली घालून आमचा नंबर लिहिला.

माझी भाची यंदा अकरावीला आहे. मी विचारलं, "रविवारी तिला शिकवाल का?"

"नाही." त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "तिला क्लास लाव. मार्क पडतील."

"मॅडम, तुम्ही असं म्हणता?"

"मीच म्हणू शकते." मागची रांग वाढली होती. त्यांनी पुढच्या माणसाचा कागद घेतला आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "आणि मी इथे असते ते कॉलेजात कोणाला सांगू नकोस."

कॉलेजात त्यांचं नाव आठवणारं आता कोणी उरलेलं नाही. मी ते त्यांना सांगितलं नाही. "नाही सांगत," एवढंच म्हणाले आणि आईला धरून बाकावर बसवलं.